वेस्पेरी भाषेची क्रियारूपे : प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२५

वेस्पेरीच्या ध्वनिनियमांचा कच्चा आराखडा मागच्या महिन्यात तयार झाल्याने आजपासून क्रियापदांचे काम हाती घेतले आहे. सार्डिनिया आणि बालेआरिक बेटे यांच्या मधल्या समुद्रात एक बेट आहे, तिथे रोमन वसाहतकारांची बोली लॅटिन रुजली आणि पुढे एकटीच वाढत गेली, अशी आमची कल्पना आहे. त्या कल्पित बेटाची भाषा म्हणजे वेस्पेरी. काम करणारे आम्ही तिघे आहोत : मी, स्पॅनिश शिकणारी माझी भाची, आणि निवृत्त संस्कृत शिक्षक, ज्यांना आम्ही नुसतेच ‘सर’ म्हणतो. बैठका सदाशिव पेठेत सरांच्याच घरी होतात.

पद्धत आधीच ठरवून घेतली. रोमान्स वळणाची, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन यांच्यासारखी भाषा बनवणाऱ्याला सारणी आखून तिच्यात सुबक प्रत्यय भरण्याचा मोह होतो. ट्यूरिनचे गणितज्ञ पेआनो यांनी १९०३ मध्ये विभक्ती आणि पुरुषभेद पार काढून टाकलेले लॅटिन मांडले. १९५१ मध्ये पुढे आलेल्या इंटरलिंग्वामध्येही क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही. त्या भाषा सहज शिकता याव्यात म्हणून केलेल्या होत्या आणि त्या हेतूला ते योग्यच होते. आमचा हेतू निराळा आहे. न्यूझीलंडच्या अँड्र्यू स्मिथ यांनी १९९६ मध्ये लॅटिनवर वेल्शसारखे ध्वनिबदल चालवून ब्रिथेनिग घडवली, त्या वाटेने आम्हाला जायचे आहे. म्हणून नियम असा : कोणतेही रूप थेट लिहायचे नाही. लॅटिन रूप घ्यायचे, ते ठरलेल्या क्रमाने सगळ्या ध्वनिनियमांतून न्यायचे आणि जे बाहेर पडेल ते आधी स्वीकारायचे. दुरुस्ती करायचीच असेल तर खऱ्या भाषा जशी करतात तशी, म्हणजे दुसऱ्या एखाद्या रूपाच्या ओढीनेच करायची.

१५ जून

पहिला गण, म्हणजे लॅटिन क्रियापदांच्या चार वर्गांपैकी पहिला, चालवला. नमुन्यासाठी ‘गाणे’ या अर्थाचा कान्तारे हा धातू घेतला आहे. लिपी देवनागरीच ठेवली असून, लॅटिनच्या ह्रस्व ए आणि ओ यांपासून आलेले उघडे स्वर ऍ आणि ऑ या चिन्हांनी दाखवतो. मराठी वाचकाला ती बँक आणि ऑफिसमुळे परिचित आहेतच.

लॅटिनमध्ये एकवचनी रूपे कान्तो, कान्तास, कान्तात आणि अनेकवचनी कान्तामुस, कान्तातिस, कान्तान्त अशी होतात. यांतील अन्त्य त् गळतो, न्त् चा न् उरतो, दोन स्वरांमधल्या त् चा द् होतो आणि शेवटच्या अनाघात ओ चा उ होतो, इथपर्यंत वाद नव्हता. प्रश्न होता अन्त्य स् चा. तोही गाळला तर ‘तू गातोस’ आणि ‘तो गातो’ यांचे रूप एकच होते. फ्रेंचने उच्चारात असेच होऊ दिले आणि सर्वनाम सक्तीचे करून भागवले. स्पॅनिशने स् जपला. इटालियनमध्ये द्वितीय पुरुषी एकवचनाला इ लागतो. आम्हाला सर्वनाम सक्तीचे करायचे नव्हते, स् जसाच्या तसा ठेवून स्पॅनिशची सावलीही नको होती.

भाचीने दक्षिण स्पेनमधील आंदालुसियातील बोलीचा दाखला दिला. तिथे शब्दाच्या शेवटचा स् हलक्या ह् सारखा होतो, आणि पूर्वेकडच्या भागात तोही जाऊन आधीचा स्वर उघडा होतो. यावर सर म्हणाले, “अहो, मग विसर्ग म्हणा ना सरळ!” तिथेच प्रश्न मिटला. वेस्पेरीत अन्त्य स् चा विसर्ग होतो, आणि वर्तमानकाळ असा उतरतो : कान्तु, कान्ताः, कान्ता, कान्तामुः, कान्तादेः, कान्तान.

रूपे फळ्यावर लिहून झाल्यावर सरांनी शेजारी भू धातूची लङ् लकारातील, म्हणजे संस्कृतच्या एका भूतकाळातील, तीन रूपे लिहिली : अभवः, अभवत्, अभवन्. द्वितीय पुरुषाला विसर्ग, आणि अनेकवचनी तृतीय पुरुषातील न्त् चा त् जाऊन उरलेला न्. पाणिनीच्या शब्दांत हा ‘संयोगान्तस्य लोपः’. लॅटिनचे स्, त्, न्त् आणि संस्कृतचे स्, त्, न्त् हे मुळात एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययसंचातले असल्यामुळे, कच्चा माल तोच आणि झीजही तशीच असेल तर फळ सारखे येणारच. तरीही आमच्या कल्पित बेटावरची रूपे लङ् च्या इतक्या जवळ जातील, असे कुणाला वाटले नव्हते.

पुढे स्वर आला की हा विसर्ग पुन्हा स् होतो, असेही ठरवले. ‘कान्ताः’ म्हणजे तू गातोस, पण ‘तू आज गातोस’ हे ‘कान्तास ओजे’. फ्रेंचमध्ये एरवी न उच्चारला जाणारा स् पुढच्या स्वराआधी झ् सारखा ऐकू येतो, त्याच जातीची ही गोष्ट. ‘रामस्तिष्ठति’प्रमाणे त् च्या आधीही स् परतावा असा सरांचा आग्रह होता. तो तूर्त राखून ठेवला आहे.

२२ जून

आज फक्त फाइल तपासली. स्प्रेडशीटमधील काही ओळींत विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह पडलेले आढळले. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी विसर्ग हे देवनागरीचे ०९०३ या सांकेतिक क्रमांकाचे अक्षर आहे, तर दोन टिंबांचे विरामचिन्ह सर्वस्वी वेगळे आहे. त्यामुळे ‘विसर्गापुढे स्वर’ हा संधिनियम त्या ओळींवर लागतच नव्हता आणि ‘कान्ता: ओजे’ तसेच पडून राहत होते. आता प्रत्येक रूप तपासणारे एक सूत्र शेजारच्या स्तंभात लिहिले असून, विरामचिन्ह दिसले की तो कप्पा तांबडा होतो.

६ जुलै

आषाढीमुळे बैठक संध्याकाळी झाली आणि साबुदाण्याच्या खिचडीनंतरच विषयाला हात लागला.

आजचा नियम आघाताचा, म्हणजे शब्दातील एका अक्षरावर पडणाऱ्या जोराचा आहे. लॅटिनचा ह्रस्व ए आणि ह्रस्व ओ (आमचे ऍ आणि ऑ) आघात असेल तर फुटतात : ऍ चा ये, ऑ चा वो. आघात नसेल तर ते साध्या ए-ओ मध्ये मिसळून जातात. स्पॅनिश आणि इटालियनमध्ये असे घडलेच आहे. वर्तमानकाळात एकवचनाची तिन्ही रूपे आणि अनेकवचनाचा तृतीय पुरुष यांत आघात धातूवर असतो, तर ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांत तो प्रत्ययावर सरकतो. परिणामी एकाच धातूची दोन अंगे तयार होतात. ‘वाजणे, निनादणे’ या अर्थाचा सॉनारे घेतला तर स्वोनु, स्वोनाः, स्वोना, पण सोनामुः, सोनादेः, आणि पुन्हा स्वोनान. सामान्यरूप, म्हणजे ‘वाजणे’सारखे क्रियापदाचे मूळ रूप, सोनार होते. हा सोनार कोणत्या पेठेत बसतो, असे सरांनी लगेच विचारून घेतले.

या फरकामागे अर्थाचे काहीच कारण नाही. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांना एका बाजूला आणि इतर चौघांना दुसऱ्या बाजूला बसवणारा कोणताही व्याकरणिक गुण दाखवता येत नाही. जुन्या आघाताचा तो उरलेला ठसा आहे. तरीही रोमान्स भाषांनी तो शतकानुशतके सांभाळला. ऑक्सफर्डचे मार्टिन मेडन यांनी अशा वाटण्यांना नुसती अक्षरांची नावे दिली आहेत, आणि या चार-विरुद्ध-दोन मांडणीला ते एन-बंध म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की ही वाटणी बोलणाऱ्याच्या मनात स्वतंत्र साचा बनून राहते, आणि मूळ ध्वनिनियम मेल्यावरही नवी क्रियापदे त्या साच्यात ओतली जातात. आमच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण आम्ही दुरुस्तीसाठी वाट मोकळी ठेवली आहे ती हीच.

२० जुलै

ए आणि ई यांपुढे क् चा च् आणि ग् चा ज्, आणि दोन स्वरांमध्ये सापडलेला कठोर वर्ण मृदू, असे दोन नियम एकापाठोपाठ लावून ‘सांगणे’ या अर्थाचा दीकेरे चालवला. दीको चे दीगु झाले, पण दीकिस चे आधी तालव्यीकरण आणि मग मृदूकरण होऊन दीजेः झाले. दीगु, दीजेः, दीजे, दीजेमुः, दीजेदेः, आणि शेवटी दीकुन्त पासून दीगुन. इथे वाटणी पूर्णपणे निराळी आहे : प्रथम पुरुषी एकवचन आणि तृतीय पुरुषी अनेकवचन एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. इच्छा-शंका दाखवणाऱ्या विध्यर्थात प्रत्ययाचा स्वर आ असल्यामुळे दीगा, दीगाः, दीगामुः असा सगळीकडे ग् च राहतो. इटालियनमध्येही ‘मी सांगतो’, ‘ते सांगतात’ आणि विध्यर्थ यांत क् आहे, आणि मधल्या बहुतेक रूपांत च्.

यानंतर ‘येणे’ या अर्थाचा वॅनीरे घेतला आणि आजचा उरलेला वेळ त्यातच गेला. वॅनिओ मधील इ आणि ओ जवळ येऊन य् तयार होतो, न् आणि य् मिळून ञ् होतो, आणि हा य् आधीच्या स्वराला फुटू देत नाही. स्पॅनिशमध्येही ‘मी येतो’ या रूपात स्वर फुटलेला नाही, ‘तू येतोस’ मध्ये फुटला आहे. अशा रीतीने वेञु, व्येनिः, व्येने, वेनीमुः, वेनीदेः, वेञुन ही रूपे हाती आली. एका धातूची तीन अंगे झाली : वेञ्, व्येन् आणि वेन्. दोन्ही वाटण्या एकमेकींवर पडल्यामुळे हे घडले. एवढी मोडतोड शिकणाऱ्याला जड जाईल, असे भाचीला वाटले. माझे मत असे पडले की ‘येणे’ हे माणसाच्या तोंडी दिवसभर असणारे क्रियापद आहे, आणि वारंवार वापरात असलेली रूपे जशीच्या तशी पाठ होत असल्यानेच त्यांची अनियमितता टिकते. मराठीत ‘जातो’चा ‘गेला’ कुणालाही अडत नाही. ही सारणी हात न लावता ठेवली.

३ ऑगस्ट

‘असणे’ या क्रियापदाने आज नियमांच्या क्रमाचा प्रश्न उभा केला, आणि तो वाटला त्याहून खोल निघाला.

लॅटिनमध्ये ‘तू आहेस’ म्हणजे एस, आणि ‘तो आहे’ म्हणजे एस्त. अन्त्य त् आधी गाळला आणि नंतर स् चा विसर्ग केला, तर दोन्हींचे एः होते. उलट विसर्गाचा नियम आधी आणि त्-लोप नंतर ठेवला, तर एस चे एः होते, पण एस्त मध्ये विसर्गाच्या वेळी स् अन्त्य नसल्यामुळे तो वाचतो, आणि मागाहून त् गेल्यावर एस उरते. यावर सरांनी ‘पूर्वत्रासिद्धम्’ हे आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील पहिले सूत्र काढले. तिथून पुढे अष्टाध्यायीच्या अखेरीपर्यंत नंतरच्या सूत्राचे कार्य आधीच्या सूत्राच्या दृष्टीने झालेलेच नसते, म्हणजे सूत्रांचा क्रम हाच नियमांचा क्रम. आमची नियमांची यादीही त्याच धाटणीची आहे.

सरांनी त्यापुढे जे सांगितले ते जपून ठेवण्यासारखे आहे. संस्कृतच्या अस् धातूपुढे लङ् मध्ये हाच पेच होता. तिथे द्वितीय पुरुषात आस् + स् आणि तृतीय पुरुषात आस् + त्, आणि संयोगान्तलोपानंतर दोन्हीकडे आः. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तात ‘सलिलं सर्वमा इदम्’ असे आहे, त्यातला ‘आ’ म्हणजे संधीत विसर्ग गेलेले हेच ‘आः’ : हे सारे पाणी होते. पुढच्या संस्कृतने मध्ये ई घालून आसीः आणि आसीत् अशी दोन रूपे वेगळी केली. स्पॅनिशने याच जागी तिसरा मार्ग काढला : ‘तू आहेस’ साठी लॅटिनच्या भविष्यकाळातील एरिस हे रूप आणून बसवले, ज्याचे एरेस झाले. तीन भाषांनी एकाच कोंडीतून तीन दारे शोधली. आम्ही क्रम बदलून चौथे काढले. वेस्पेरीत आता सो, एः, एस, सोमुः, एस्तेः, सोन अशी रूपे आहेत. उच्चारात शब्दाच्या शेवटी खरा स् टिकवणारे एस हे भाषेतील एकमेव क्रियारूप ठरते. नियमांना अपवाद न करता अपवाद मिळाला, याचे समाधान मोठे आहे.

अपूर्ण भूतकाळात मात्र ‘मी’ आणि ‘तो’ यांचे रूप एकच, कान्तावा, होते आणि ते तसेच राहू दिले. स्पॅनिशमध्येही या काळात दोन्ही पुरुषांचे रूप एकच आहे, आणि ‘मी रोज करी’, ‘तो रोज करी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने याबद्दल तक्रार करू नये.

१७ ऑगस्ट

भविष्यकाळ. लॅटिनचा भविष्यकाळ जवळजवळ सर्व रोमान्स भाषांनी सोडून दिला, आणि का सोडला ते आमच्या नियमांनी अर्ध्या तासात दाखवले. पहिल्या गणात ‘तो गाईल’ म्हणजे कान्ताबित आणि ‘त्याने गायले’ म्हणजे कान्तावित. दोन स्वरांमधल्या ब् चा व् झाला की भूत आणि भविष्य एक होतात. तिसऱ्या गणात ‘तो सांगतो’ म्हणजे दीकित, ‘तो सांगेल’ म्हणजे दीकेत, आणि शेवटचे अनाघात इ व ए एकत्र येताच वर्तमान आणि भविष्य एक होतात. काळ दाखवण्यासाठी असलेले प्रत्यय काळच दाखवत नसतील, तर ते ठेवून काय उपयोग?

पर्याय तीन दिसले. रुमानियनमध्ये ‘इच्छिणे’ या अर्थाचे साहाय्यक क्रियापद आधी येते. सार्डिनियनमध्ये ‘माझ्याकडे गायचे आहे’ अशा धर्तीची सुटी रचना आहे. पश्चिमेकडील मोठ्या भाषांनी सामान्यरूपाच्या मागे ‘जवळ असणे’ या अर्थाचे हाबेरे जोडले आणि कालांतराने ते प्रत्ययच होऊन बसले. बेट सार्डिनियाच्या शेजारी असल्यामुळे भाचीचा कल सुट्या रचनेकडे होता. माझा जोडरूपाकडे होता, आणि शेवटी तेच राहिले, कारण क्रियारूपांच्या सारणीत एक प्रत्यय जन्माला येताना पाहण्याची अशी संधी दुसरीकडे कुठेही नाही. हाबेओ झिजून आयु, हाबेस चे आः, हाबेत चे आ, पुढे एमुः, एदेः आणि आन. त्यावरून कान्तारायु, कान्ताराः, कान्तारा, कान्तारेमुः, कान्तारेदेः, कान्तारान.

या जोडरूपाचा अगदी जुना दाखला फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातव्या शतकातील इतिवृत्तात सापडतो. हरलेला पर्शियन राजा मुलूख परत द्यायला ‘नोन दाबो’, देणार नाही, असे जुन्या लॅटिन रूपात म्हणतो, त्यावर सम्राट जस्टिनियन ‘दारास’, देशील, असे उत्तर देतो, आणि तिथल्या दारा शहराला त्यावरूनच नाव पडले, अशी ती गोष्ट आहे. शहराच्या नावाची व्युत्पत्ती म्हणून ती दंतकथाच. पण दोन पिढ्यांचे व्याकरण एका संवादात समोरासमोर उभे राहिले आहे. दारे आणि हाबेस मिळून दारास. सरांना यात लुट् लकार, म्हणजे संस्कृतचा एक भविष्यकाळ, दिसला : दाता आणि असि मिळून ‘दातासि’, तू देशील. तिथे कर्तृवाचक नामाला ‘असणे’ चिकटले, इथे सामान्यरूपाला ‘जवळ असणे’. तृतीय पुरुषात संस्कृतने साहाय्यक टाकून नुसते ‘दाता’ ठेवले. वेस्पेरीत तसे करता येत नाही, कारण मग सामान्यरूपच उरेल.

पोर्तुगीजमध्ये हा सांधा अजून पुरता बुजलेला नाही. काळजीपूर्वक लिहिलेल्या पोर्तुगीजमध्ये ‘मी ते गाईन’ हे ‘कान्ता-लो-एइ’ असे कर्म मध्ये घालून लिहितात. आपल्याला पाव, बटाटा आणि चावी देणाऱ्या भाषेत हा अवशेष आहे, म्हणून वेस्पेरीच्या जुन्या कायदेलेखांतही तो ठेवायचे ठरले.

जोडरूपात आघात पुढे सरकल्यामुळे आधीचा स्वर अनेकदा गळतो. पहिल्या गणातला आ टिकला. वेदेर, म्हणजे ‘पाहणे’, याचे वेद्रायु झाले. वेनीर मध्ये न् आणि र् भिडले आणि त्यांच्यामध्ये द् उपटला : वेन्द्रायु. स्पॅनिश आणि फ्रेंच या दोन्ही भाषांतही ‘मी येईन’ या रूपात तो द् आहे. मराठीत वानराचा वांदर होतो, तो याच वाटेने. म् आणि र् मध्ये असाच ब् येतो, म्हणून आम्रापासून आंबा, आणि कामेरा या लॅटिन शब्दापासून फ्रेंच शांब्र.

३ सप्टेंबर

गणपतीचे दिवस, मांडवांमुळे पेठेतले रस्ते बंद आणि ढोलांच्या आवाजात बोलणे अशक्य. त्यामुळे प्रत्यक्ष बैठक न घेता फोनवरच एक मुद्दा निकालात काढला.

चौथ्या गणातील बहुसंख्य धातूंना इटालियनप्रमाणे स्क् हा आगम लावायचा. ‘संपवणे’ या अर्थाच्या फिनीर ची रूपे फिनीस्कु, फिनीशेः, फिनीशे, फिनीमुः, फिनीदेः, फिनीस्कुन. या आगमामुळे आघात नेहमी धातूच्या पुढे पडतो, म्हणून धातूचा स्वर फुटण्याचा प्रश्नच उरत नाही. लॅटिनमध्ये याला ‘होऊ लागणे’ असा अर्थ होता, तो रोमान्समध्ये पुसला गेला आणि उरले निव्वळ अंग तयार करण्याचे काम, म्हणजे आपल्या भाषेत विकरण. हा स्क् आणि गच्छति, इच्छति, पृच्छति यांतील च्छ एकाच मुळाचे आहेत. पृच्छति आणि लॅटिनचे पोस्कित, म्हणजे मागतो, ही तर धातूसकट सख्खी भावंडे आहेत.

१४ सप्टेंबर

साध्या भूतकाळाची स्वतंत्र रूपे वेस्पेरीने टाकून दिली, असे ठरवले. बोलण्यातील फ्रेंचने तेच केले आहे. त्यांच्या जागी ‘जवळ असणे’ आणि भूतकालवाचक धातुसाधित यांची जोडी वापरायची.

इथे खरा विचार करावा लागला तो अन्वयाचा. मूळ लॅटिन रचनेत ‘लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे’ असा अर्थ असल्यामुळे धातुसाधित कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत असे. स्पॅनिशने ते बदलणे सोडले. फ्रेंचमध्ये कर्म आधी आले तरच बदल होतो. वेस्पेरीत तो सर्वत्र राहावा, असे मी सुचवले : ‘आयु एस्क्रीत्ता ला कार्ता’, म्हणजे मी चिठ्ठी लिहिली. कार्ता स्त्रीलिंगी, म्हणून एस्क्रीत्ता. ‘मी चिठ्ठी लिहिली, मी कागद लिहिला’ असे बोलणाऱ्याला हे सुचणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच भाचीने शंका घेतली की ही रोमान्स भाषा होते आहे की वेषांतर केलेली मराठी.

शंका रास्त होती, पण तुलना अखेरपर्यंत नेल्यावर ती टिकली नाही. ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ या वाक्यात ली कर्माकडे पाहते आणि स् कर्त्याकडे. ‘आस एस्क्रीत्ता ला कार्ता’ मध्येही हेच दोन धागे आहेत, फक्त ते दोन शब्दांत विभागलेले आहेत. साम्य इथपर्यंतच. मराठीत ‘मी झोपलो’ मध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, तर इटालियनमध्ये ‘झोपणे’ हे ‘जवळ असणे’ घेते आणि ‘येणे’ हे ‘असणे’. वेस्पेरीने इटालियनची वाट धरली : ‘सो वेनीदु’ म्हणजे मी आलो, स्त्री बोलत असेल तर ‘सो वेनीदा’, पण ‘आयु दोर्मीदु’ म्हणजे मी झोपलो, इथे लिंगभेद नाही. कोणते अकर्मक धातू कोणत्या बाजूला पडतात याची यादी द्यावीच लागेल. मराठी व्याकरणालाही ‘मी पुस्तक विसरलो’, ‘मी धडा शिकलो’ अशा सकर्मक धातूंची यादी द्यावी लागतेच.

२८ सप्टेंबर

उसन्या क्रियापदांचे काय करायचे, यावर थोडक्यात. रोमान्स भाषांत नवा धातू बहुधा पहिल्या गणात जातो, पण जर्मानिक भाषांतून आलेल्यांपैकी काही चौथ्यात गेले : इटालियनमध्ये ‘पाहणे’साठी ग्वार्दारे, आणि ‘बरे होणे’साठी ग्वारीरे. मराठी मात्र सहसा ‘करणे’ जोडून मोकळी होते, ‘फोन करणे’, ‘डाउनलोड करणे’.

याहून वेगळे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. चौल परिसरात १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात पोर्तुगीजवर आधारलेली बोली आजही बोलली जाते. तिच्यात पोर्तुगीजकडून आलेल्या आ, ए, इ या तीन क्रियापदवर्गांच्या जोडीला उकारान्त असा चौथा वर्ग आहे, आणि तो मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी आहे. बाहेरच्या धातूंना स्वतंत्र गण देणारी रोमान्स वंशाची बोली पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर असताना वेस्पेरीसाठी दूरचे नमुने धुंडाळण्याचे कारण नव्हते. बेटावर अरबी व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या धातूंसाठी उ-गण राखून ठेवला आहे. रूपे पुढच्या टप्प्यात.

१२ ऑक्टोबर

ध्वनिनियमांतून निघालेल्या सारण्या पूर्ण झाल्या असून आजपासून सादृश्याचे काम सुरू केले. रूपे कुठे एकमेकांकडे ओढली जातील हे मी बसून ठरवले असते, तर पुन्हा सारणी आखण्याचाच प्रकार झाला असता. म्हणून सर आणि भाची यांना अर्धवट भरलेल्या सारण्या दिल्या आणि उरलेले कप्पे वेगवेगळे बसून, न विचारता भरायला सांगितले.

पहिल्या गणात विशेष काही घडले नाही. मौज तॅनेरे, म्हणजे ‘धरणे’, या दुसऱ्या गणातील धातूत झाली. नियमांप्रमाणे तेञु, त्येनेः, त्येने, तेनेमुः, तेनेदेः, आणि लॅटिन तॅनेन्त पासून त्येनेन. शेवटचा कप्पा रिकामा ठेवला होता. भाचीने त्येनेन लिहिले, जे नियमाला धरून आहे आणि तिच्या स्पॅनिशलाही. सरांना कोणतीही रोमान्स भाषा येत नाही. त्यांनी वेनीर ची सारणी समोर ठेवून, तेञु आहे म्हणजे वेञुन प्रमाणे तेञुन असणारच, असे म्हणून ते रूप लिहून टाकले. इटालियन भाषेने नेमके हेच केले आहे : लॅटिनमध्ये काहीही आधार नसताना ‘ते धरतात’ हे रूप ‘ते येतात’ च्या साच्यात ओतले. भाचीला ते पटायला वेळ लागला नाही. तेञुन सारणीत घेतले आणि त्येनेन ला ‘उत्तरेकडील खेड्यांत’ अशी खूण केली.

त्यावर सरांनी विचारले की हाच न्याय वेदेर ला का नाही. तिथे वेजु, वेदेः, वेदे, वेदेमुः, वेदेदेः, वेदेन अशी रूपे आहेत, म्हणजे ज् फक्त पहिल्या कप्प्यात एकटा पडला आहे. इटालियनमध्ये या जागी नेहमीच्या रूपाखेरीज, वेजुन च्या जातीचे एक जुने, कवितेत टिकलेले रूप आहे. बोलण्यात वेदेन आणि गाण्यांत वेजुन, असे लिहून दोन्ही ठेवली आहेत. दीगुन ला आधार मुळातच होता, त्यामुळे त्याला हात लावला नाही. पुढच्या बैठकीसाठी फाकेरे, म्हणजे ‘करणे’, याच्या सारणीतील चार कप्पे रिकामे करून दोघांना दिले आहेत.